फोन संगणकाला दिसत नाही? दोष क्रमाने शोधा



पिकाचे फोटो, माती परीक्षणाचा अहवाल, बियाण्याची पावती, मुलांचे दाखले, आता सारे काही मोबाईलमध्येच असते. अर्जाचा शेवटचा दिवस उजाडतो. घरी किंवा सेवा केंद्रात फोन संगणकाला जोडावा, तर संगणकावर काहीच दिसत नाही. मग फोन बिघडला असे धरून दुरुस्तीचे दुकान गाठले जाते. पुष्कळदा फोनला काहीही झालेले नसते.

ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोहोचले नाही, तर आपण सगळ्या नळ्या उपटत नाही. पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि मग नळी, असे पाहत जातो. येथेही तोच क्रम ठेवावा.

१) आधी वायर पाहा. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात : दोन विजेच्या, दोन माहिती वाहून नेणाऱ्या. स्वस्तातल्या काही वायरींत विजेच्या दोनच तारा घातलेल्या असतात. अशा वायरीने फोन चार्ज होतो, पण फोटो जात नाहीत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून दुसरी वायर लावून पाहा. नवी घेताना ‘डेटा केबल’ असे स्पष्ट सांगून घ्या.

२) फोनचे लॉक उघडा. लॉक असलेला फोन आतले काही दाखवत नाही. ही सोय आपल्याच सुरक्षेची आहे.

३) फोनला परवानगी द्या. अँड्रॉइड फोन जोडला की बहुधा फक्त चार्जिंग सुरू होते. पडद्यावर वरून खाली बोट ओढा. यूएसबीची सूचना दिसेल, ती दाबा आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. आयफोन असेल तर ‘ट्रस्ट’ दाबून पासकोड द्यावा.

४) भोक साफ आहे का? शेतात वावरणाऱ्या फोनच्या चार्जिंगच्या भोकात माती, भुसा, खिशातला कापूस जाऊन बसतो आणि वायर पुरती आत जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने घाण काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतले पाते वाकते. तोंडाने फुंकरही मारू नका, ओलावा आत जातो.

५) संगणकाचे भोक बदला. टेबलावरच्या संगणकाला पाठीमागच्या बाजूसही भोके असतात, तेथे जोडून पाहा. तरीही जमले नाही तर फोन आणि संगणक दोन्ही एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

एवढे करूनही दिसला नाही, तर मग खुशाल जाणकाराकडे न्या.

फोन दिसू लागला की संगणकात ‘धिस पीसी’ उघडा. तेथे फोनचे नाव येईल. अँड्रॉइड असेल तर त्यात ‘इंटरनल स्टोरेज’, पुढे ‘डीसीआयएम’ आणि त्यात ‘कॅमेरा’. बहुतेक फोटो येथेच सापडतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. मेमरी कार्ड काढून संगणकाला लावले, की कधी कधी ‘फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न येतो. घाईघाईत ‘हो’ म्हणू नका. फॉरमॅट करणे म्हणजे उभ्या पिकात नांगर घालणे. कार्ड तसेच काढून ठेवा, त्यावर नवा फोटो घेऊ नका आणि जाणकाराला दाखवा. घरातल्या गेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटोही त्यावर असू शकतो.

फोटो नेताना ‘कट’ नको, ‘कॉपी’ करा. मध्येच वायर हलली तरी मूळ फोटो फोनमध्ये शाबूत राहतो. संगणकावर चार-दोन फोटो उघडून पाहा आणि मगच फोनमधले काढायचे ते काढा.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की झाले,’ असे कोणी म्हणेल. पण तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकसतो, आणि तो कधी व कुठे काढला याची आत साठवलेली नोंदही निघून जाते. पिकाच्या नुकसानीचा फोटो असेल तर हीच नोंद उपयोगी पडते. म्हणून असे फोटो वायरीने उतरवावेत. वायर नसेलच तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत.

दुसऱ्याच्या संगणकावर काम केले असेल, तर आधार कार्ड, बँक पासबुक यांच्या प्रती तेथे सोडून येऊ नका. त्या पुसायला लावा आणि ‘रिसायकल बिन’ही रिकामा करून घ्या. परक्या संगणकावर नुसता फोन चार्ज करायचा असेल, तर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडू नका.

घरातल्या ज्या वायरीने फोटो जातात, तिला लाल दोरा बांधून ती वेगळी ठेवा. आणि अर्जाचा शेवटचा दिवस यायची वाट न पाहता, या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी मुलांना सोबत घेऊन हे सारे एकदा करून पाहा. पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्त करायला कोणी बसत नाही.