माप डोळ्यांना दिसले पाहिजे

आपल्या धाराशिव जिल्ह्यातला लहान व्यापारी आज चार चाकांवर उभा आहे. सोलापूरची चादर-टॉवेल असो, इचलकरंजीचे सुती कापड असो की सुरतेची साडी, माल उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंड्याच्या बाजारापर्यंत न्यायचा तर टेम्पो किंवा व्हॅन लागतेच. गाडी बहुधा हप्त्यावर घेतलेली असते आणि पुष्कळदा दुकानातल्या मालापेक्षा जास्त पुंजी तिच्यात अडकलेली असते. या सगळ्या पुंजीचा जीव मात्र इंजिनातल्या काही लिटर ऑइलवर असतो.

हे ऑइल किती आहे ते पाहण्यासाठी बहुतेक गाड्यांत डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी असते. तिच्यावर खालची आणि वरची अशा दोन खुणा असतात. ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावे, एवढाच हिशेब. परंतु मालकाला विचारा, पट्टीवर ऑइल कुठपर्यंत दिसले? दहापैकी आठ जण म्हणतील, "ड्रायव्हर बघतो" किंवा "गॅरेजवाल्याला माहीत." जे माप मालकाला वाचता येत नाही ते माप असून नसून सारखेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात दोष नुसता मालकाचा नाही. पट्टी चकचकीत पोलादाची असते आणि नवे ऑइल मधासारखे स्वच्छ असते. चकचकीत रेक्झीनवर ओला हात फिरवला तर ओल कुठे संपली ते कळत नाही, मांजरपाटावर मात्र ओला डाग लांबून दिसतो. पट्टीचे तसेच आहे. डिझेल इंजिनातले ऑइल काळे पडले की ते कसेबसे दिसते, पण नुकतेच बदललेले ऑइल दिसतच नाही. त्यात ओम्नी, ईकोसारख्या गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे तिथे उजेडाचीही वानवा. आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाने करावे काय?

उपाय सोपे आहेत. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून निदान दहा मिनिटे थांबावे. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी पाहिले तर सर्वांत उत्तम, कारण रात्रभरात सगळे ऑइल खाली उतरलेले असते. पट्टी काढून पुसावी, पूर्ण खालपर्यंत बसवावी, पुन्हा काढून आडवी धरावी आणि उजेडाकडे तिरकी करून पाहावी. दोन्ही बाजू पाहाव्यात. ऑइल एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसले तर खालचे माप खरे मानावे, कारण वरचे ऑइल नळीच्या कडेला घासून लागलेले असते.

तरीही दिसत नसेल तर पट्टी पांढऱ्या कापडावर अलगद टेकवावी. जेवढा डाग उमटेल तेवढे ऑइल. इथे कापडवाला म्हणून सांगतो, कापड शुद्ध सुती घ्यावे. नव्या पॉपलिनला खळ असते, म्हणून ते आधी धुऊन घ्यावे. गॅरेजमध्ये सुताचे वेस्ट वापरतात, ते या कामाला नको, त्याचे धागे पट्टीबरोबर इंजिनात जातात.

कायमचा उपाय हवा असेल तर दोन खुणांमधला भाग बारीक पॉलिश पेपरने आडवा घासून खरखरीत करावा. मग कोरडा भाग फिका राहतो, ओला भाग गडद दिसतो. घासल्यावर पट्टी डिझेलने स्वच्छ धुवावी, कण राहिला तर तो इंजिनात जाईल. काही कंपन्या कारखान्यातच पट्टीवर आडव्या-तिडव्या रेघा उमटवतात किंवा भोके ठेवतात, ते याच कारणासाठी. हे सर्वच कंपन्यांनी करावे, याला असा काय मोठा खर्च येतो? वॉरंटीतल्या गाडीच्या पट्टीला मात्र हात लावण्यापूर्वी विचारून घ्यावे.

काही गोष्टी मुळीच करू नयेत. पट्टीवर रंग लावू नये, गरम ऑइलमध्ये त्याचे पापुद्रे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. कानशीने नव्या खुणा पाडू नयेत आणि एका गाडीची पट्टी दुसरीत घालू नये, लांबीत थोडा फरक पडला तरी माप खोटे होते. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरणे हीही बरकत नव्हे, त्याला फेस येतो आणि सील गळू लागतात.

ऑइलचा लाल दिवा आहे की, असे कोणी म्हणेल. तो दिवा दाब उतरल्यावर लागतो. ऑइल कमी असताना तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढताना पंपाने हवा ओढली, तर दिवा पाहून गाडी थांबवेपर्यंत बेअरिंग गेलेले असते. पट्टी आधी सांगते. ऑइल दुधासारखे झाले तर पाणी शिरले आहे. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत ऑइल आपोआप वाढलेले दिसले तर त्यात डिझेल मिसळत असण्याची शक्यता आहे. वाढले म्हणून खूश न होता गाडी दाखवावी.

आता आपल्या गॅरेजवाल्या बंधूंना एक विनंती. हा हुनर आपल्या समाजात मोठा आहे, उस्तादाकडून शागीर्दाकडे आलेला आहे. पण नवी गाडी घेणारा गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे वळत आहे. तिथे काम स्वस्त नसते, तरी तो जातो, कारण तिथे हातात कागद मिळतो. आपण त्याला पट्टी दाखवावी. ऑइल बदलल्यावर त्याला समोर उभे करून माप त्याच्या डोळ्यांनी वाचू द्यावे, डबा त्याच्यासमोर फोडावा, तारीख आणि किलोमीटर लिहून द्यावेत. पट्टी घासून द्यायला पाच मिनिटे लागतात, त्याचे पैसे घेऊ नयेत. ते पाच मिनिटांचे काम गिऱ्हाईक विसरत नाही.

आम्ही कापडवाले लोखंडी मीटर वापरतो. त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो आणि दर 2 वर्षांनी तो तपासून घ्यावा लागतो. गिऱ्हाईक समोर उभे राहून मीटर बघतो, त्याचा आम्हांला राग येत नाही. कुरआनात माप घटवणाऱ्यांच्या नावाची एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन, 83 वी. माप पुरे असणे हा इमानाचा भाग आहे, आणि ते समोरच्याला दिसेल असे ठेवणे हा त्याच इमानाचा व्यवहार आहे. "मापात पाप" ही आपल्या मराठीतली म्हण तराजूला लागू आहे, तशी ऑइलच्या पट्टीलाही आहे.

व्यापारी बंधूंनी दर आठवड्याला, माल भरण्यापूर्वी, पट्टी स्वतः काढून पाहावी. ड्रायव्हरवर विश्वास जरूर ठेवावा, पण गाडी ही आपल्या मुलाबाळांची रोजी आहे. तिचा हिशेब मालकाला स्वतःला वाचता आलाच पाहिजे.