महिषासुराची आई

मराठीत अद्भुतरम्य महाकादंबरी लिहू पाहणाऱ्यांना एका जाणत्या गृहस्थांनी गेल्या दसऱ्यात म्हैसूरला उपदेश केला. उपदेश थोडक्यात असा: खलनायकाचं सैन्य काळ्या जादूने घडवलेलं असावं. अर्धा माणूस, अर्धा पशू. ना नातं ना गोतं. मांत्रिकाने हुकूम सोडावा आणि यांनी तुटून पडावं. नायकाने त्यांची हजारांनी कत्तल केली तरी वाचकाच्या मनावर ओरखडा उठू नये. यात परकं काही नाही, चामुंडी टेकडीवर जाऊन बघा, महिषासुर हा आपला पहिला संकरित योद्धाच की! आणि राक्षसाला मन देणं हे तर हल्लीचं खूळ.

टेकडीवर जाऊन बघाच, असं मीही म्हणतो. तिथला महिषासुर अंगाने पुरता माणूस आहे. भरघोस मिशा, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात नाग. रेड्याचं तोंड नाही, शिंगं नाहीत, खूर नाहीत. देवळाकडे निघालेली माणसं आधी त्याच्यापाशी थांबतात, पोरांना कडेवर घेऊन त्याच्या मिशा दाखवतात.

मूर्ती राहू द्या, निदान कथा तरी वाचायची होती. देवीभागवताच्या पाचव्या स्कंधात महिषाचा जन्म सविस्तर सांगितला आहे. दनूचे दोन मुलगे, रंभ आणि करंभ. पोटी मूल नाही म्हणून दोघं तपाला बसतात. करंभ पाण्यात, रंभ अग्नीच्या आराधनेत. इंद्राला धास्ती पडते. तो मगर होऊन पाण्यातल्या करंभाला मारतो. भाऊ गेल्याच्या दुःखात रंभ स्वतःचे केस मुठीत धरून आपलं मस्तक अग्नीला वाहायला निघतो, तेव्हा अग्नी त्याला अडवतो आणि वर देतो: जिच्यावर तुझं मन जडेल, तिच्या पोटी त्रैलोक्य जिंकणारा मुलगा होईल. मन जडतं ते एका म्हशीवर. ती गाभण राहते. पुढे दुसरा रेडा तिच्यावर चालून येतो, तिला राखता राखता रंभ शिंगांवर मरतो आणि ती जीव घेऊन यक्षांच्या आश्रयाला धावते. यक्ष रंभाला चितेवर ठेवतात. पोटात मूल असलेली ती म्हैस, त्यांनी अडवलं तरी न थांबता, त्या चितेत शिरते. ज्वाळांतून महिष बाहेर येतो. मुलाच्या मायेने बापही दुसरं रूप घेऊन त्याच आगीतून उठतो, तोच रक्तबीज.

यात काळी जादू कुठे आहे? मांत्रिक कोणता? कपट केलं ते देवांच्या राजाने. वर दिला तो अग्नीने, ज्याच्या साक्षीने आपण लग्नं लावतो. बाकी सगळं भावाचं दुःख, मुलाची आस आणि एका जनावराची निष्ठा. या महिषाला पुढे स्वतःची महत्त्वाकांक्षा आहे; तो तप करून ब्रह्मदेवाकडून वर मिळवतो, की पुरुषाच्या हातून मरण नको. बाईला तो मोजतच नाही, आणि तेच त्याला भोवतं. देवीशी लढण्याआधी तो तिला लग्नाची मागणीसुद्धा घालतो. असा मूर्ख, मानी, आशाळभूत गडी हुकमाचा ताबेदार म्हणून खपवायचा, म्हणजे मूळ कथेचा गळा दाबायचा.

आणि ते ‘अर्धा माणूस, अर्धा पशू’. देवीमाहात्म्यातली लढाई नीट पाहावी. महिष रेड्याचा सिंह होतो, सिंहाचा खड्गधारी पुरुष, पुरुषाचा हत्ती, पुन्हा रेडा. एकेक रूप त्याचं पुरतं असतं. देवी त्याच्या मानेवर पाय देते, तेव्हा तो रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो आणि त्याच अवस्थेत त्याचं शिर उडतं. तिथे तो अर्धामुर्धा दिसतो, कारण सुटायची धडपड अपुरी राहिली आहे.

‘हल्लीचं खूळ’ म्हणणाऱ्यांनी मामल्लपुरमची सातव्या शतकातली लेणी बघावी. तिथे त्याला रेड्याचं डोकं आहे खरं, पण शिल्पकाराने त्याच्या माथ्यावर छत्र धरलं आहे. राजाचं छत्र.

म्हसोबा आणि महिषासुर एकच की निराळे, म्हैसूर प्रांताला नाव देणारा हा राजा होता की राक्षस, हे वाद जुने आहेत. त्यांत मी पूर्वी पुष्कळ तोंड वाजवलं आहे. निकाल काहीही लागो. ज्याची मूर्ती टेकडीवर उभी राहते आणि ज्याच्या नावाशी जोडलेल्या दगडाला शेताच्या बांधावर शेंदूर लागतो, त्याला बिननावाच्या फौजेत ढकलणं हा अडाणीपणा आहे.

गृहस्थांचा दुसरा आधार टोल्किन. पण चिखलातून उपसून काढलेले राक्षसी सैनिक, उरुक-हाय, हे त्याच्या कादंबरीवरच्या 2001 सालच्या चित्रपटातलं दृश्य. 1954-55 साली आलेल्या मूळ कादंबरीत सारुमान या मांत्रिकाने माणूस आणि ऑर्क नावाचे राक्षस यांचा संकर केला असावा, असा नुसता संशय आहे. हे ऑर्क आपसात भांडतात. लढाई संपल्यावर वरिष्ठांच्या जाचातून निसटून चार विश्वासू साथीदारांसह कुठेतरी राहावं, अशी स्वप्नं दोन ऑर्क रंगवतात. ऑर्क कुठून आले, हे टोल्किनला अखेरपर्यंत पक्कं ठरवता आलं नाही. सुचत नव्हतं म्हणून ते राहिलं, असं मला वाटत नाही. मन खात असणार.

आपल्याकडे जादूने घडवलेला जीव म्हणायचा तर कृत्या. दुर्वासाने जटा उपटून तिला अंबरीषावर सोडलं. सुदर्शनाने तिला जाळलं आणि मग ते दुर्वासाच्याच पाठीस लागलं. घडवणाऱ्याची सुटका तिथेही नाही.

वाचकाच्या मनावर ओरखडा उठू नये, ही अपेक्षा मला सर्वांत जास्त बोचते. समोरचे कुणाचेच कोणी नाहीत, असं आधी ठरवून माणसांनी माणसांच्या वस्त्या पेटवल्या आहेत. त्या सवयीला कादंबरीने खतपाणी घालू नये.

मग मोठी फौज आणायची कुठून? रक्तबीज आहे. त्याच्या रक्ताचा थेंब पडला की तिथून त्याच्याच बळाचा दुसरा उठतो. मातृका जितके घाव घालतात, तितकी फौज वाढते. शेवटी चंडमुंडांना मारून चामुंडा झालेल्या कालीला ते रक्त जमिनीवर पडण्याआधी तोंडात झेलावं लागतं. चांगल्या बाजूच्या शस्त्रानेच शत्रू वाढतो, हा पेच मांत्रिकाच्या कारखान्यातून निघणाऱ्या फौजेत कुठून येणार? लिहिणाऱ्याने पहिलं प्रकरण चितेकडे निघालेल्या त्या म्हशीचं लिहावं, तिला अडवणाऱ्या यक्षांचंही लिहावं, आणि मग खुशाल आपल्या नायकाच्या हाती तलवार द्यावी.