पोराची मान कोण बघणार?

लकवा म्हाताऱ्यांनाच होतो, हे कुणी सांगितलं? पोरांनाही होतो. खेळताना पडलं, मानेला हिसका बसला, की मानेतल्या रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. कधी कारण सापडतही नाही. फाटल्या जागी रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत अडकते, नाहीतर तिथंच रक्ताची वाट बंद करते.

मग पोराचं डोकं, मान ठणकते. उलट्या होतात. तोल जातो, तोंड वाकडं होतं, एक हात लुळा पडतो. श्रीमंत देशांतही पोरांच्या लकव्याचं निदान उशिरा होतं. इथं यंत्रमागवाल्याचं, विडीवालीचं पोर असलं की निदान फुकटात मिळतं : नाटकं करतंय! नाहीतर बाहेरचं झालंय!

दोस्तहो, पहिल्या काही तासांत सीटी स्कॅन साफ येऊ शकतो. सीटी साफ म्हणजे पोरगं बरं, असं नव्हे. मेंदूचा एमआरआय हवा, आणि त्यासोबत मानेतल्या रक्तवाहिन्यांचाही. नुसता मेंदू पाहिला तर फाटलेली जागा निसटते. मग गुठळी रोखणारं औषध लांबतं आणि झटका पुन्हा येऊ शकतो.

जिथं जखम तिथं डॉक्टर, हे याच गावानं दाखवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनमधल्या जखमींकडं गेले. मग आपल्याच गावात आपल्या पोरासाठी तोंड उघडायला लाजायचं कशाला? हात जोडून नको. डोळ्याला डोळा भिडवून विचारा : साहेब, मान बघितली का?