मैदानावर निखळलेला दात

शालेय कबड्डीचे सामने भरविणारी मंडळी मैदानाची आखणी, पाहुण्यांचे हारतुरे, ध्वनिक्षेपक आणि चहापाणी यांचा बंदोबस्त ज्या तत्परतेने करतात, ती तत्परता प्रथमोपचाराच्या पेटीच्या वाट्यास क्वचितच येते. आणि पेटी असलीच, तरी चढाई करणाऱ्याच्या तोंडावर बचावपटूचा गुडघा बसून समोरचा दात मुळासकट बाहेर आला असता काय करावयाचे, हे पंचांपासून प्रशिक्षकांपर्यंत सहसा कोणासही ठाऊक नसते. मुलाला चूळ भरावयास लावतात, दात रुमालात गुंडाळून खिशात जातो, आणि सामना पुढे सुरू होतो.

वस्तुतः तो दात अद्याप मेलेला नसतो. मुळास चिकटून आलेल्या तंतूंतील पेशी जिवंत असतात. परंतु कोरड्या रुमालात अर्धा तास गेला की त्यांतील बहुतेक नष्ट होतात, आणि त्यानंतर बसविलेला दात काही वर्षे टिकला तरी त्याचे मूळ हाडाशी सांधले जाऊन हळूहळू झिजू लागते. म्हणून दात उचलावा तो पांढऱ्या भागास धरून, मुळास बोट न लावता; माती लागली असल्यास दुधाने किंवा वाहत्या थंड पाण्याने क्षणभर धुवावा, घासू मात्र नये; आणि मूल पूर्ण शुद्धीवर असेल तर तेथल्या तेथे खोबणीत बसवून, वर स्वच्छ रुमाल धरून, हलकेच चावून धरण्यास सांगावे. एवढे धाडस होत नसेल तर दात थंड दुधात घालून तडक दंतवैद्य गाठावा. साध्या पाण्यात तो ठेवू नये, त्यात त्या पेशी फुगून फुटतात. (मैदानाबाहेर चहाची टपरी असतेच, तेव्हा दुधाची सबब कोणास सांगता यावयाची नाही.) लहान मुलाचा दुधाचा दात मात्र परत बसवावयाचा नाही; खालच्या कायमच्या दातास त्याने इजा पोहोचते.

हे झाले उपचारांचे. प्रतिबंधाच्या बाबतीत आमची अडचण निराळी आहे. आम्हांस दुखापत सोसण्याचे कौतुक फार. 2002 साली अँटिग्वाच्या कसोटीत मोडलेला जबडा पट्टीने बांधून गोलंदाजीस उतरलेल्या अनिल कुंबळे यांनी ब्रायन लाराला पायचीत केले, त्याचा अभिमान मलाही आहे. पण तेरा वर्षांच्या पोराकडून तीच अपेक्षा करणारा प्रशिक्षक शूर नव्हे, बेफिकीर म्हणावा लागेल. न्यूझीलंडने गेल्या शतकाच्या अखेरीस रग्बीत दंतरक्षक, म्हणजे माउथगार्ड, सक्तीचे केले, आणि 1995 ते 2003 या काळात तेथील सरकारी अपघात विम्याच्या दप्तरी रग्बीतील दातांचे दावे 43 टक्क्यांनी घटले.

कबड्डीपुरता एक आक्षेप खरा आहे. चढाईत पंचांस स्पष्ट ऐकू येईल असा दम घुमवावा लागतो, आणि गरम पाण्यात मऊ करून चावून बसविलेला बाजारी रक्षक तोंडात सैल पडला की शब्द अडखळतो, प्रसंगी चढाईच बाद ठरण्याची भीती. परंतु दातांचा ठसा घेऊन घडविलेल्या रक्षकाने थोड्या सरावानंतर बोलता येते. शिवाय कोपऱ्यात उभे राहून पकडी करणाऱ्या बचावपटूस हा आक्षेप बहुतांशी लागूच नाही, आणि गुडघे, टाचा चुकवीत पट काढण्यास झेपावणारा तोच असतो. सक्तीचा आरंभ त्याच्यापासून करण्यास क्रीडा संघटनांची हरकत नसावी.

उरला खर्चाचा प्रश्न, आणि तो खराच अवघड आहे, कारण वाढत्या वयात दात सरकत असल्याने मुलांचा रक्षक पुनःपुन्हा करावा लागतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथील विद्यार्थ्यांनी दर वर्षी हंगामापूर्वी जवळच्या शाळांत जाऊन संघातील मुलांचे ठसे घ्यावेत, आणि साहित्याच्या खर्चास क्रीडा खात्याने मंजुरी द्यावी, अशी तजवीज एका परिपत्रकाने होण्यासारखी आहे.