अनामतीची जबाबदारी नव्या मालकाचीही



भाडेकरूची अनामत जुन्या मालकाने घेतली, तर ती नव्या मालकाने का परत करावी, हा एका वाचकाचा सवाल वाचला. मला तो मुळीच पटला नाही.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चे कलम 109 पाहावे. मालमत्ता विकली म्हणून भाडेकरार मोडत नाही. मालकाचे हक्क नव्याकडे जातात, आणि भाडेकरूने तसे ठरवल्यास मालमत्तेसंबंधीची दायित्वेही जातात. अनामत त्यात बसते का, यावर वकील वाद घालतील. पण पहिल्याच महिन्यापासून हक्काने भाडे मागणाऱ्याने अनामतीला परके म्हणावे, हा सरळ अन्याय आहे.

धर्माबादेत मोंढ्याच्या आसपास कित्येक गाळ्यांची अनामत वहीच्या पानावर, रेव्हेन्यू तिकीट चिकटवून लिहिलेली असते. ते पान हरवले की दुकानदाराचे पैसेही गेले! वास्तविक महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

म्हणून खरेदीदाराने विसार देण्याआधीच प्रत्येक भाडेकरूला भेटून अनामतीची रक्कम विचारावी. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नये. समजा सौदा 15 लाखांचा आणि तीन गाळ्यांची अनामत 1 लाख 20 हजार आहे. तेवढे पैसे द्यायच्या रकमेतून वळते करावेत, खरेदीखतात तसा स्पष्ट उल्लेख करावा आणि दोन्ही मालकांच्या सह्यांचे पत्र भाडेकरूच्या हाती द्यावे. भाडेकरूंनीही पावतीची झेरॉक्स आजच काढून ठेवावी.

— एक वाचक, धर्माबाद (जि. नांदेड)