नावे कोरलेली भांडी

घटस्फोटाचा हुकूमनामा हाती पडला की कायद्यापुरता विवाह संपतो. घर मात्र होते तसेच उभे असते. फडताळात लग्नात आलेली भांडी असतात आणि त्यांच्या काठावर दोघांची नावे व तारीख कोरलेली असते. कपाटाच्या तळाशी शालू, माळ्यावर रुखवताचा खोका. या पसाऱ्यात राहूनच माणसाने नव्याने जगू लागावे, अशी समाजाची अपेक्षा असते. एखादी स्त्री तो आवरू लागली की ‘धडधाकट वस्तू टाकायच्या कशा?’ असा प्रश्न पुढे येतो. (पुरुषाला तो क्वचितच विचारला जातो, आवराआवर बहुधा त्याची आई करते.)

मध्यमवर्गीय घरात काटकसर हा सद्गुण खराच. परंतु येथे तिचा हिशेब चुकतो. भांड्यापायी एकदा झालेला खर्च ते सांभाळून ठेवल्याने परत येत नाही. अर्थशास्त्र त्यास बुडीत खर्च म्हणते. शिवाय वस्तू आपली झाली की आपल्याच नजरेत तिचे मोल वाढते. डॅनियल कानेमन, रिचर्ड थेलर प्रभृतींनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांना साधा कॉफीचा पेला दिला होता त्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुप्पट वा त्याहूनही अधिक होती. तो पेला तर नुकताच हाती आलेला होता! दहा वर्षे वापरलेल्या ताटाची गोष्टच निराळी.

तथापि आवरणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे. ‘त्या घरातले काहीच नको’ म्हणून नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडणे पुष्कळदा उदात्त मानले जाते. हा उदात्तपणा ज्यांना माहेरचा भक्कम आधार आहे त्यांनाच परवडतो. स्त्रीधन हे पत्नीच्या एकटीच्या मालकीचे असते. सासरी राहिल्याने ते सामाईक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. विवाहप्रसंगी मिळालेल्या, दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंबाबत हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय हुकूमनाम्यातच तरतूद करू शकते. यासाठी यादी हवी, पावत्या हव्यात. परस्परसंमतीच्या घटस्फोटाची सोय १९७६ साली झाली, तीत सहा महिन्यांची मुदत आहे. २०१७ च्या निकालानंतर ती माफ होऊ शकते. पण जेथे ती पाळावी लागते तेथे हे महिने यादीसाठी खर्ची घालावेत.

यादी झाली, वाटणी झाली, की मग हात आखडू नये. शालू बोहारणीला द्यावा, पितळ मोडीत घालावे. कोरलेल्या नावांपायी तेथे भाव उतरत नाही. अपवाद छायाचित्रांचा. त्यांतील आईवडील मुलांचेही आहेत, आणि मुलांचा घटस्फोट झालेला नाही. तो अल्बम फाडू नये. डोळ्यांसमोर नको असेल तर मुले जाणती होईपर्यंत तो मामाकडे वा आत्याकडे ठेवून द्यावा.