यंत्राचे वय कोणी ठरवावे?

‘जुने’ या शब्दाला अलीकडे शिवीची कळा आली आहे. घरातला संगणक सुरू होतो, अक्षरे उमटतात, हिशोब बिनचूक येतो; तरीही तो बाद झाला असे आपल्याला बजावले जाते. हा निकाल दिला कोणी? यंत्राने, की यंत्र विकणाऱ्याने? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. ‘विंडोज ११’च्या अटींत न बसणारे असंख्य धडधाकट संगणक त्या दिवशी म्हातारे ठरले. त्यांचा एक खिळाही झिजला नव्हता.

या चंगळवादाची किंमत कोण मोजतो? २०२२ या एका वर्षात जगाने ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण केला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेला, अशी संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालातील नोंद आहे. उरलेल्याचे काय होते हे दिल्लीच्या सीलमपूरमधील गल्ल्यांत पाहावे. तेथे गरीब माणसे उघड्या हातांनी संगणक फोडून त्यातले धातू वेचतात. आपली हौस त्यांच्या फुप्फुसांत उतरते.

लिहिणाऱ्याला संगणकाकडून हवे तरी काय असते? कळफलक, पडदा आणि शांतता. जॉर्ज मार्टिन या विख्यात अमेरिकन कादंबरीकाराने २०१४ साली जाहीरपणे सांगितले, की आपण डॉसवर चालणाऱ्या ‘वर्डस्टार ४.०’ मध्येच लिहितो. इंटरनेटसाठी दुसरा संगणक ठेवला आहे. नवा संगणक घेण्याची ऐपत नव्हती म्हणून नव्हे. न विचारता शब्द दुरुस्त करणारे यंत्र त्यांना नको होते म्हणून! आणि डॉस म्हणजे केवळ इंग्रजी, असेही कोणी समजू नये. ‘सी-डॅक’च्या ‘जिस्ट’ कार्डाने त्याच काळ्या पडद्यावर देवनागरी उमटविली होती.

जे यंत्राचे, तेच दिवसाच्या नियोजनाचे. कामाची आठवण करून देणारा मोबाइल हाती घ्यावा, तर त्या आठवणीआधी दहा जाहिराती आणि वीस निरोप पुढे येतात. याउलट आपल्या घरांतली जुनी रीत पाहा. शाळेचे वर्ष संपले, की वह्यांतली उरलेली कोरी पाने काढायची, दाभणाने भोके पाडून दोऱ्याने शिवायची आणि जुन्या पुठ्ठ्याचे वेष्टन घालायचे. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या चौकटींत दुधाचे रतीब आणि गॅसच्या टाकीची तारीख लिहिणाऱ्या गृहिणीला नियोजन कोणी शिकविले होते? अशा वहीला वीज लागत नाही, परवलीचा शब्द लागत नाही, आणि ती आपल्यावर पाळतही ठेवत नाही. तिचा आणखी एक गुण आहे. राहिलेले काम मोबाइल निमूटपणे उद्यावर ढकलतो; वहीत ते पुन्हा हाताने उतरवावे लागते. तिसऱ्यांदा उतरविताना माणूस स्वतःलाच विचारतो, हे काम खरोखर करायचे आहे काय?

कोणी म्हणेल, हे केवळ स्मरणरंजन झाले. शिवाय जुना संगणक असुरक्षित असतो. दुसरा आक्षेप खरा आहे. पाठबळ संपलेल्या प्रणालीवर बँकेचे व्यवहार मुळीच करू नयेत. पण त्यावर उपाय भंगारवाला नव्हे. तो संगणक इंटरनेटपासून तोडून लेखनाला ठेवावा, किंवा त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली बसवावी. फ्लॉपीतला मजकूर ती निकामी होण्याआधी अन्यत्र उतरवून घ्यावा. पहिल्या आक्षेपाला उत्तर एवढेच, की चालत्या वस्तूचा वापर करणे याला स्मरणरंजन म्हणत नाहीत. त्याला व्यवहार म्हणतात.

आमचे नव्याशी वैर नाही. ज्याच्या कामाला नवे यंत्र आवश्यक आहे, त्याने ते अवश्य घ्यावे. मात्र दुकानाची पायरी चढण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारावे : जुन्या यंत्राने माझे नेमके कोणते काम अडविले? उत्तर सापडले नाही, तर पायरीवरूनच परत फिरावे, संगणकावरची धूळ पुसावी आणि उद्याची कामे शिवलेल्या वहीत लिहायला बसावे.